कुत्रा नंतर, आधी तुम्ही बसा!

सोमवार, रात्रीचे साडेनऊ. माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक सीलिंग फॅन गरगरतोय. मागून आवाज येतोय, ‘‘सिट! सिट! अरे सिट ना बाबा! सिट म्हटलं ना तुला!’’

मी म्हणते, ‘‘सर, मला फक्त पंखा दिसतोय.’’

फोन हलतो. आता एक ट्यूबलाइट, मग अर्धा कान, मग लॅब्रॅडॉरचं मोठ्ठं ओलं नाक. नाकाच्या मालकाचा चेहरा काही दिसत नाही. आणि मला तर आधी तोच बघायचा असतो!

तर मंडळी, हा माझा धंदा. ठाण्यात डायनिंग टेबलवर बसून मी नांदेडच्या लॅबला, कोल्हापूरच्या पामेरियनला आणि न्यू जर्सीतल्या एका मराठी घरातल्या बीगलला वळण लावते. म्हणजे, लावते असं लोकांना वाटतं. आईला मात्र अजून पटलेलं नाही. ‘‘अगं, फोनवरून कुत्र्याला काय शिकवणार तू? त्याला काय कळतंय त्या स्क्रीनमधलं?’’ हा प्रश्न दर दोन दिवसांनी असतोच. शेजारच्यांनी विचारलं की ‘‘कम्प्युटरचं काहीतरी करते ती,’’ असं म्हणून ती विषय संपवते.

आईचा मुद्दा बरोबर आहे बरं का! कुत्र्याला स्क्रीनमधून काहीही शिकवता येत नाही. मी शिकवते ती त्याच्या माणसाला. हे एवढं एक वाक्य समजायला मला स्वतःला काही वर्षं लागली, आणि एकदा सॉल्लिड तोंडावर आपटावं लागलं. आज तीच गोष्ट सांगणार आहे.

हात लांब ठेवण्याचा फंडा

आधी मी घरोघरी जायचे. शनिवारची दुपार, घोडबंदर रोडचा ट्रॅफिक, पाठीला सॅक, सॅकमध्ये उकडलेल्या चिकनचा डबा. दहा मिनिटांत कुत्रा माझ्या हातात एकदम गुणी बाळ! बस म्हटलं की बसतोय, थांब म्हटलं की थांबतोय. घरचे टाळ्या वाजवायचे. ‘‘मॅडम, तुमच्या हातात जादू आहे हो!’’ मी खूश. आणि मी लिफ्टने खाली पोचेपर्यंत वरती तोच गुणी बाळ चप्पल घेऊन सोफ्यावर.

लोचा कुठे होता? कुत्रा शिकला होता, नक्की शिकला होता. पण तो शिकला होता ते असं : चिकनचा वास येणारी ही बाई आली की बसायचं. ती गेली की विषय संपला. आपण एकदा शिकलेली गोष्ट दहा ठिकाणी वापरतो, कुत्र्यांना ते तसं जमत नाही. हॉलमध्ये शिकलेलं ‘बस’ त्याला पार्किंगमध्ये नव्यानं शिकावं लागतं. माझ्याकडून शिकलेलं तुमच्याकडून नव्यानं. आणि मी आठवड्यातून एक तास असणार, तुम्ही उरलेला अख्खा आठवडा. मग त्याचा खरा ट्रेनर कोण? सांगा तुम्हीच.

2020च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि माझं घरोघरी जाणं एका रात्रीत बंद झालं. पोटासाठी म्हणून व्हिडिओ कॉल सुरू केले. पहिला आठवडा मी जाम वैतागले होते. डोळ्यांसमोर पट्टा चुकीचा धरलेला दिसतोय आणि मला हात लावता येत नाही! पण महिन्याभरात एक गंमत लक्षात आली. ज्या घरांत मी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं, तिथली कुत्री जास्त टिकाऊ शिकत होती. कारण साधं. मला हात लावता येत नव्हता म्हणून सगळं त्यांनाच करावं लागत होतं.

हा फंडा काही माझा नाही. 1960च्या दशकात कॅरन प्रायर ही बाई हवाईत डॉल्फिन शिकवायची. आता डॉल्फिनला पट्टा कसा बांधणार? धाक कसा दाखवणार? ते आपलं खोल पाण्यात निघून जाणार. तिच्या हातात फक्त एक शिट्टी आणि एक बादलीभर मासे. डॉल्फिननं हवं ते केलं की त्याच क्षणी शिट्टी, मग मासा. बस्स. पुढे 1984 मध्ये तिचं ‘डोन्ट शूट द डॉग’ हे पुस्तक आलं आणि हीच पद्धत कुत्र्यांच्या जगात पसरत गेली. शिट्टीच्या जागी टकटक वाजणारा क्लिकर आला, नाहीतर तोंडानं म्हटलेलं एक छोटं ‘येस!’ पाण्याच्या काठावर उभं राहून जमतं, तर ठाण्यातल्या डायनिंग टेबलवरून का नाही जमणार?

तुमचा चेहरा का बघायचा?

आता सोमवारच्या सरांकडे येऊ. फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवायला लावला, तेव्हा कुठे सर दिसले. ‘सिट’ म्हणताना ते कमरेतून पुढे वाकत होते, बोट रोखत होते आणि वर दर दोन सेकंदांनी तोच शब्द. कुत्र्यासाठी अंगावर वाकणारा माणूस म्हणजे ‘मागे सरक’ असा निरोप. तो बिचारा मागे सरकत होता आणि सरांना वाटत होतं, हा ऐकत नाहीये!

जनावरं आपल्याला कशी वाचतात त्याचा एक जुना किस्सा आहे. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता. गणितं सोडवायचा म्हणे! बेरीज विचारली की टापा मारून उत्तर द्यायचा. लोक थक्क. 1907 मध्ये ओस्कार फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं छडा लावला. घोडा आकडे नाही, विचारणाऱ्याचं अंग वाचत होता. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचा ताण नकळत सैल व्हायचा, डोकं किंचित हलायचं आणि हान्स तिथेच थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सही नापास!

तुमच्या घरातला हान्स हेच करत असतो. तुम्ही किल्ल्या कधी उचलता, ऑफिसची बॅग कुठल्या खांद्याला लावता, रागावून शांत बोलता की खरंच शांत असता, सगळं त्याला पाठ असतं. म्हणून कॅमेरा मला तुमच्यावर हवा असतो.

अर्थात कॅमेरा जे दाखवतो ते सगळं खरं असतं असं मला वाटायचं. मिसळ भेटेपर्यंत.

मिसळची गोष्ट

मिसळ म्हणजे वाकडच्या एका सोसायटीतली अडीच रंगांची इंडी. अडीच, कारण एक कान नक्की कुठल्या रंगाचा आहे ते अजून ठरलेलं नाही. तिची माणूस म्हणजे सातारची एक मुलगी, हिंजवडीत नोकरी, चौथ्या मजल्यावर एकटी राहणारी. लॉकडाउनच्या पावसाळ्यात, 2020 मध्ये, पार्किंगमध्ये भिजलेलं पिल्लू सापडलं आणि तिनं वर आणलं. पुढे दीड वर्ष दोघी चोवीस तास एकत्र. कॉल चालू असताना मिसळ पायाशी, जेवताना पायाशी, झोपताना डोक्याशी. मिसळनं रिकामं घर कधी बघितलंच नव्हतं.

2022च्या फेब्रुवारीत ऑफिसनं बोलावलं. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती परत आली तर दाराच्या आतल्या बाजूला ओरखडेच ओरखडे, एका नखातून रक्त, फरशीभर लाळ. वॉचमननं गेटवरच सांगितलं होतं, ‘‘मॅडम, तुमचं कुत्रं दिवसभर रडत होतं.’’ दुसऱ्या आठवड्यात सोसायटीचं पत्र आलं. तीस दिवसांत बंदोबस्त करा. घरून फोन, ‘‘दे की कुणाच्या तरी शेतावर सोडून. तिथं मजेत राहील.’’

तिनं मला फोन केला तेव्हा रडून रडून आवाज बसला होता. ‘‘ताई, माझ्याकडे एक महिना आहे. नाहीतर मिसळला सोडावं लागेल.’’

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण शंभरातले निम्मे फोन इथेच चुकलेले असतात. मिसळ सूड उगवत नव्हती. ‘मला सोडून गेलीस ना, बघ आता तुझं दार!’ असं कुत्री करत नाहीत. ती घाबरली होती. बंद लिफ्टमध्ये अडकलेला माणूस दार बडवतो ना, तसं. अशा कुत्र्याला मारून काय होणार? भीतीत आणखी एक भीती. दोन-चारदा ‘रडू दे, गप्प होईल आपोआप’ करून तर बहुतेकदा ती वाढतेच.

गंमत म्हणजे हा एक असा आजार आहे, जिथे ट्रेनर घरी येऊन उपयोगच नाही. कारण मी घरात आले की कुत्रं एकटं राहिलं कुठे? म्हणून मलेना डीमार्टिनीसारख्या यातल्या जाणत्या ट्रेनरही कॅमेऱ्यावरूनच काम करतात.

आमचे नियम ठरले. एक, आधी जनावरांचे डॉक्टर. दुखणं नाही ना बघायचं, आणि भीती इतकी असेल तर औषध द्यायचं का हेही तेच ठरवणार. मी नाही, आणि शेजारच्यांचा भाचा तर नाहीच नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि औषध सुरू केलं. दोन, ट्रेनिंग चालू असेपर्यंत मिसळला जेवढं झेपतं त्याहून एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही. ऑफिसच्या तीन दिवसांतला एक दिवस एक मैत्रीण हिच्या घरी बसून काम करणार, दोन दिवस डे-केअर. पगाराला जाम कात्री लागली, पण दुसरा रस्ता नव्हता. तीन, रोज संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, माझ्यासोबत कॉलवर.

लॅपटॉप घरात, दाराकडे तोंड करून. ती बाहेर जिन्यात, कानात इअरफोन. आणि मी ठाण्यात बसून मिसळवर डोळे लावलेले. पहिल्या दिवशी फक्त दाराच्या कडीला हात लावायचा आणि परत येऊन बसायचं. मग दार उघडून बंद करायचं. मग बाहेर पाऊल, तीन सेकंद, परत आत.

‘‘ताई, तीन सेकंद? मला नऊ तास हवेत हो!’’

‘‘नऊ तासांत तीन सेकंद पण येतातच ना? तिथून सुरू करू.’’

यामागचं लॉजिक असं. भीती सुरू व्हायच्या आत परत यायचं. प्रत्येक वेळी. म्हणजे मिसळच्या डोक्यात हळूहळू बसतं की दार बंद होणं ही काही फार मोठी भानगड नाही. किल्ल्या उचलायच्या आणि टीव्ही बघत बसायचं, चप्पल घालायची आणि कांदा चिरायला जायचं. किल्ली म्हणजे संकट, हे समीकरण तोडायचं.

नवव्या दिवशी पाच मिनिटं झाली. मिसळ दाराशी आडवी, डोकं पायांवर, आवाज नाही. दहाव्या दिवशी आठ मिनिटं. मी हवेत! मनातल्या मनात हा कॉलम पण लिहायला घेतला होता, ‘दहा दिवसांत चमत्कार’ वगैरे.

बाराव्या दिवशी ती दाराबाहेर पडल्यावर चाळीस सेकंदांत मिसळनं असा हंबरडा फोडला की मी इथे दचकले. परत ओरखडे, परत लाळ. आणि मी काय केलं? मी त्या मुलीला झापलं. ‘‘वीकएण्डला एकटं सोडलंस ना तिला? खरं सांग.’’ ती म्हणाली, ‘‘नाही ताई, कचरा टाकायलासुद्धा एकटी गेले नाहीये मी.’’ मला खरं वाटलं नाही. माझ्या आवाजात ते तिला कळलंही असणार. सोसायटीचे अठरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या दाराची बेल वाजली. शेजारच्या काकू. तक्रारीच्या पत्रावर पहिली सही ज्यांची होती त्याच. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, तू रोज जिन्यात उभी राहतेस काय, आत जातेस काय, मला वाटलं डोकं फिरलं पोरीचं. मग कळलं, कुत्रीला शिकवतेयस. पण ती गप्प कुठे असते? तू बाहेर गेलीस की लगेच बारीक आवाजात कुईं कुईं सुरू. पहिल्या दिवसापासून. तुझ्या बाथरूमची आणि माझ्या किचनची खिडकी एकाच डक्टमध्ये आहे ना, मला सगळं ऐकू येतं.’’

तिनं मला हे सांगितलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. मी ॲपची सेटिंग्ज उघडली. व्हिडिओ कॉलची ही ॲप्स मुळात ऑफिस मीटिंगसाठी बनलेली. मागे कुकरची शिट्टी वाजली, कुत्रं भुंकलं, तर बॉसला ऐकू जाऊ नये म्हणून ती माणसाच्या बोलण्याखेरीज बाकी आवाज गाळत बसतात. दोन वर्षं मी या ॲपवर काम करत होते आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं! जे ऐकण्यासाठी मी बसले होते, नेमकं तेच ॲप माझ्यापासून लपवत होतं. मिसळ पहिल्या दिवसापासून रडत होती आणि मी ‘शाब्बास, उद्या तीन मिनिटं’ म्हणत होते.

रेकॉर्डिंग परत नीट बघितलं. आवाज नव्हताच, पण चित्र होतं. दाराशी आडवी, हे मी बघितलं होतं. डोळ्याची पापणी न हलवता दाराकडे बघतेय, कान मागे चिकटलेत, फेब्रुवारीच्या थंडीत धापा टाकतेय, हे बघितलं नव्हतं. दिसत होतं, पण मला यश बघायचं होतं.

मी तिला फोन केला. ‘‘चूक माझी होती. तुझी नाही आणि मिसळची तर नाहीच. काल मी तुझ्यावर अविश्वास दाखवला, त्याबद्दल सॉरी. मागच्या दोन आठवड्यांचे पैसे परत करते.’’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘पैसे राहू देत ताई. आता किती सेकंदांपासून?’’

काकू ऑन ड्युटी

पाच सेकंदांपासून. ॲपमधली आवाज गाळण्याची सोय बंद केली. वर दाराशी एक जुना फोन नुसतं रेकॉर्डिंग करत ठेवला, म्हणजे ॲपचा भरवसा नको. आणि तिसरा बंदोबस्त सगळ्यात भारी : काकू! संध्याकाळी साडेसातला काकू किचनच्या खिडकीशी पोळ्या लाटत उभ्या राहणार आणि मिसळचा बारीकसा आवाज जरी आला तरी व्हॉट्सॲपवर एक अक्षर पाठवणार, ‘कु’. ‘कु’ आला की आत जायचं. मागे-पुढे बघायचं नाही. एकदा काकूंनी ‘कु’ पाठवला आणि मागोमाग, ‘सॉरी, माझा कुकर होता.’

आणि पत्र? भारतीय पशु कल्याण मंडळानं 2015 मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पाळीव कुत्र्यांवर सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, आणि भुंकणं हे त्यासाठी कारण होऊ शकत नाही, हे त्यांत आहे. पण त्याच सूचना मालकांनाही सांगतात की आपलं जनावर शेजाऱ्यांना त्रास देणार नाही असं बघा. मी तिला म्हटलं, कागद खिशात ठेव, पण तो पहिल्यांदा काढू नकोस. कायद्यानं मिसळ सोसायटीत राहील, पण तिची भीती तशीच राहील आणि काकूंची दुपारची झोपही उडालेलीच राहील.

मीटिंगला ती एक वही घेऊन गेली. तारीख, किती सेकंद, मिसळ कशी होती, दिवसा कुणाकडे होती, सगळं लिहिलेलं. सेक्रेटरींनी दोन पानं चाळली. मग काकू उभ्या राहिल्या. ‘‘पत्रावर सही माझी होती. आता मी सांगते, पोरीला वेळ द्या.’’ आणखी तीन महिने मिळाले. खिशातला कागद खिशातच राहिला.

फिल्मी शेवट नाही हं. मधे एक आठवडा असा गेला की तीन मिनिटांच्या पुढे काटा हलेना. जूनमध्ये पन्नास मिनिटं झाली. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर चार तास. नऊ तास आजही नाहीत, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही कुत्र्यानं रोज नऊ तास एकटं का राहावं? दुपारी एक वाजता काकू चावीनं दार उघडतात. गुडघा दुखतो म्हणून फिरवायला नेत नाहीत, नुसत्या गप्पा मारून येतात. मिसळ ऐकून घेते.

फोनवरच्या ट्रेनरला विचारायचे प्रश्न

मिसळनंतर मी माझ्या कामाची पद्धत बदलली. तुम्हीही कुणाकडून असं शिकणार असाल, तर हे फ्रिजवर चिकटवून ठेवा.

‘आठ दिवसांत गॅरंटी’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. कुत्र्याची भीती कॅलेंडर बघून जात नाही.

पहिल्याच कॉलला ‘डॉक्टरांना दाखवलं का?’ असं न विचारणाऱ्यापासून सावध. अचानक चिडायला लागलेल्या, घरात शू करायला लागलेल्या कुत्र्याला बरेचदा काहीतरी दुखत असतं. ते कॅमेऱ्यात दिसत नाही.

गळ्याला शॉक देणारा पट्टा सुचवला तर नको म्हणा. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या वर्तनशास्त्र संघटनेनं 2021 मध्ये स्वच्छ सांगितलंय की सगळ्या ट्रेनिंगला बक्षिसाचीच पद्धत वापरावी. अगदी चावऱ्या कुत्र्यालासुद्धा.

कुत्रा चावलाय, रक्त आलंय, घरात लहान मूल आहे? मग फक्त फोनवर भागवू नका. समोर येऊन बघणारा जाणकार माणूस हवा. मी अशा केसेस एकटीनं घेत नाही.

आणि कॉल सुरू करायच्या आधी : फोन स्थिर, उजेड मागून नाही तर समोरून, तुम्ही आणि कुत्रा दोघं पूर्ण फ्रेममध्ये, आवाज गाळणारी सेटिंग बंद. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे हाताशी. कुत्र्यानं हवं ते केलं की एक-दोन सेकंदांत तुकडा तोंडात. डबा किचनमध्ये राहिला तर तुम्ही तो आणेपर्यंत तो उठलेला असतो आणि बक्षीस मिळतं उठल्याचं! कांदा घातलेलं काही नको, मनुका नको, चॉकलेट तर अजिबात नको. कुत्र्यांना ते विषारी असतं.

तर, सोमवारचे सर. मी म्हटलं, ‘‘सर, आता तुम्ही खुर्चीत बसा. पाठ टेकवा. एक श्वास घ्या. आता एकदाच म्हणा, हळू. आणि थांबा.’’

‘‘सिट,’’ सर म्हणाले. आणि थांबले. लॅबनं त्यांच्याकडे बघितलं. चार सेकंद गेले. सरांचा हात शिवशिवत होता, मला दिसत होतं. पाचव्या सेकंदाला लॅबची पार्श्वभूमी जमिनीला टेकली.

‘‘येस!’’ मी आणि सर एकदमच ओरडलो.

आई मागे भाजी निवडत होती. तिनं सगळं बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना सांगताना मी ऐकलं, ‘‘नाही हो, कुत्र्यांना नाही, माणसांना शिकवते ती. कुत्री हुशारच असतात.’’

(पुढच्या आठवड्यात : फटाके वाजतात तेव्हा पलंगाखाली कोण जातं आणि का?)